गाडीत अ‍ॅडास घ्यावं का? नाशिकच्या रस्त्यांवर मोजून ठरवा

मार्चमध्ये दाजी दोन कोटेशनं घेऊन घरी आले. गाडी एकच, इंजिन एकच, रंगही एकच. वरच्या व्हेरिएंटची एक्स-शोरूम किंमत १,२०,००० रुपयांनी जास्त होती, आणि त्या फरकाशेजारी सेल्समनने पेनाने एकच शब्द लिहून त्याभोवती गोल केला होता: अ‍ॅडास. "तुझ्या गाडीत तीन वर्षं आहे ना हे," दाजी म्हणाले, "मग सांग, घेऊ की नको?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी इंदिरानगरला राहतो, कामाला सातपूरला जातो आणि महामार्गावर महिन्याकाठी एखाद-दुसऱ्या वेळी चढतो. दाजी पाथर्डी फाट्याला राहतात, नोकरी अंबडला, आईवडील आणि द्राक्षबाग निफाडकडे, शिवाय महिन्यातून दोनदा मुंबई. माझ्या गाडीत जे उपयोगी पडलं ते त्यांच्या उपयोगाचं असेलच असं नाही, आणि उलटही. मग आम्ही तीन आठवडे घेतले आणि एकेक गोष्ट तपासली. तोच क्रम इथे देतो. तुमच्या हातात असं कोटेशन असेल तर सही करण्याआधी निदान पहिल्या तीन पायऱ्या तरी करा.

पायरी १: शब्द बाजूला ठेवा, यादी मागा

अ‍ॅडास ही एक वस्तू नाही. चालकाला मदत करणाऱ्या दहा-बारा वेगवेगळ्या यंत्रणांचा तो गठ्ठा आहे, आणि प्रत्येक कंपनी त्यात वेगळा माल भरते. पुढच्या काचेवर आरशामागे एक कॅमेरा असतो. बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरमागे किंवा ग्रिलमागे ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारं रडार असतं. समोर काय आहे हे कॅमेरा ओळखतो. ते किती दूर आहे आणि किती वेगाने जवळ येतंय हे रडार मोजतं. काही गाड्यांत मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत आणखी एकेक रडार असतं. काही गाड्या फक्त कॅमेऱ्यावर चालतात.

यादी हातात आली की तिचे तीन गट पाडा.

पहिला गट वाचवणाऱ्यांचा. समोर धडक होणार असं दिसलं की आधी इशारा देणं आणि तुम्ही काहीच केलं नाही तर स्वतः ब्रेक लावणं. दुसरा गट सांगणाऱ्यांचा: आरशात न दिसणारं वाहन बाजूला आहे हे आरशावरच्या दिव्याने दाखवणं, गाडी मागे घेताना आडव्या येणाऱ्या वाहनाचा इशारा, लेन सुटल्याचा इशारा, डुलकीचा इशारा. तिसरा गट सोयीचा: पुढच्या गाडीपासून अंतर राखून वेग कमीजास्त करणारा अडॅप्टिव्ह क्रूझ, लेनच्या मधोमध ठेवणारं स्टिअरिंग, अप्पर-डिपर आपोआप बदलणारे दिवे.

शोरूममध्ये प्रात्यक्षिक तिसऱ्या गटाचं होतं, कारण हात सोडल्यावर स्टिअरिंग स्वतः वळलेलं पाहून माणूस हरखतो. जीव मात्र पहिला गट वाचवतो. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' ही संस्था प्रत्यक्ष अपघातांची आकडेवारी तपासते. तिच्या हिशेबात आपोआप लागणाऱ्या ब्रेकमुळे पुढच्या गाडीला मागून धडकण्याचे अपघात निम्म्याने घटले. नुसता इशारा देणाऱ्या यंत्रणेने ते २७ टक्क्यांनी घटले, बाजूच्या वाहनाच्या इशाऱ्याने लेन बदलतानाचे १४ टक्क्यांनी, मागून आडव्या येणाऱ्या वाहनाच्या इशाऱ्याने गाडी मागे घेतानाचे २२ टक्क्यांनी. क्रूझ आणि लेन-स्टिअरिंग एकत्र चालवणाऱ्या यंत्रणांनी अपघात कमी होतात याचा ठोस पुरावा मात्र २०२४मध्येही त्या संस्थेला सापडला नाही. ती सोय आहे, असं तिचं म्हणणं.

हे आकडे अमेरिकेच्या रस्त्यांचे आहेत हे विसरू नका. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत जवळपास ४४ टक्के दुचाकीवरची होती आणि १९ टक्क्यांच्या वर पायी चालणारी. म्हणून आपल्याला विचारायचा प्रश्न असा: हा ब्रेक मोटारसायकल ओळखतो का, माणूस ओळखतो का, आणि अंधारात ओळखतो का? त्याच संस्थेने पादचारी ओळखणारा ब्रेकही तपासला. एकूण पादचारी अपघात २७ टक्क्यांनी कमी दिसले, पण रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात काहीच फरक दिसला नाही. पेठ रोडला रात्री नऊ वाजता गाडी चालवून बघितली आहे त्याला हे वाक्य दोनदा वाचावंसं वाटेल.

आणि 'लेव्हल २' या शब्दाने दबून जाऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्ही एकाच वेळी सांभाळू शकते, तेही तुम्ही लक्ष ठेवून असाल तर. ब्रेक किती चांगला आहे, बाजूची रडारं आहेत की नाहीत, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. दाजींच्या कोटेशनवरच्या गाडीचं तसंच निघालं. यादी मागितली तेव्हा कळलं की लेनचं स्टिअरिंग आहे, क्रूझ आहे, पण मागच्या कोपऱ्यांत रडारच नाहीत. म्हणजे बाजूच्या वाहनाचा इशारा नाही आणि मागे घेतानाचाही नाही. हे सेल्समनने सांगितलं नव्हतं, आणि खरं तर दाजींनीही विचारलं नव्हतं.

आणखी एक: आज रस्त्यावर चालतं त्याचेच पैसे द्या. जुलै २०२५मध्ये टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात शोरूम उघडलं तेव्हा 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग'चे वेगळे ६ लाख रुपये दरपत्रकात होते, आणि ती यंत्रणा आपल्याकडे सुरू नव्हती. एवढी महाग गाडी आपल्यातले थोडेच घेतील, पण "पुढे अपडेटमध्ये येईल" हे वाक्य दहा लाखांच्या गाडीच्या शोरूममध्येही ऐकू येतं. येईल तेव्हा बघू, असं शांतपणे सांगा.

पायरी २: पाया आधी

अ‍ॅडासच्या आधी पाच गोष्टी पक्क्या हव्यात. गाडीचा सांगाडा (१ ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप ही गाडी धडकवून तारे देणारी चाचणी आहे, त्या मॉडेलचा निकाल बघा), सहा एअरबॅग, घसरताना गाडी सावरणारी ईएससी, सगळ्या सीटना तीन बिंदूंचे पट्टे, आणि चांगले टायर. वरच्या व्हेरिएंटसाठी पैसे जुळवताना कमी ताऱ्यांची गाडी निवडावी लागत असेल तर अ‍ॅडास सोडा. ब्रेक आपोआप लागला तरी तो टायरच्याच पकडीवर लागतो, आणि धडक झालीच तर शेवटी पत्राच आडवा येतो.

मागच्या सीटवर पट्टा न लावणारं कुटुंब अ‍ॅडाससाठी सव्वा लाख मोजतं तेव्हा मला फार वाईट वाटतं. २०२२मध्ये पट्टा न लावलेले १६,७१५ जण देशात मेले, आणि त्यांतले जवळपास निम्मे प्रवासी होते, चालक नव्हते. पट्ट्याचे पैसे गाडीच्या किमतीत आधीच भरलेले असतात.

पायरी ३: स्वतःचा महिना लिहून काढा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. एका वहीत महिनाभर प्रत्येक फेरी लिहा: कुठून कुठे, किती किलोमीटर, दिवस की रात्र, कोण चालवतं. मग प्रत्येक रस्त्यावर कोणती यंत्रणा चालेल ते समोर मांडा. नाशिकपुरतं मी माझ्या अनुभवाने मांडून देतो.

*शहरात.* द्वारका, मुंबई नाका, सीबीएस, बिटको चौक. इथे लेन-स्टिअरिंगचा उपयोग शून्य. बहुतेक गाड्यांत ते साधारण ६०च्या पुढेच जागं होतं, आणि त्याला दिसायला रस्त्यावर लेनचे पट्टेही नसतात. सिंहस्थाची कामं चालू आहेत तोवर आज दिसलेला पट्टा उद्या खोदलेला असेल. समोरच्या धडकेचा इशारा द्वारकेला वारंवार वाजतो, कारण रिक्षा आणि दुचाकी वीतभर अंतराने आडव्या जातात. वाजून वाजून कान मरतो, आणि खरा इशारा आला तरी तो नेहमीचाच वाटतो. म्हणून इशाऱ्याची संवेदनशीलता कमी करता येते का, हे बघणं शहरात फार महत्त्वाचं. कॉलेज रोड, गंगापूर रोडला तिरक्या पार्किंगमधून मागे निघताना मात्र आडव्या वाहनाचा इशारा सोन्यासारखा आहे. शेजारी उंच गाडी उभी असली की तुम्हाला काही दिसत नाही, बंपरच्या कोपऱ्यातलं रडार तुमच्या आधी बघतं. माझ्या तीन वर्षांत सर्वांत जास्त वेळा उपयोगी पडलेली यंत्रणा हीच.

*मुंबई-आग्रा महामार्ग, विल्होळीपासून घोटीपर्यंत.* इथे अडॅप्टिव्ह क्रूझ चालतो, पण अंतर राखलं की त्या अंतरात कोणीतरी घुसतं. गाडी वेग कमी करते, परत अंतर राखते, परत कोणी घुसतं. शिवाय उलट्या बाजूने येणारी दुचाकी असतेच. विल्होळीच्या पुढे एकदा माझ्यासमोरचा कंटेनर डावीकडे वळत होता. तो जवळपास रस्त्याबाहेर गेला होता, मी सहज निघून जाणार होतो, पण माझ्या गाडीने करकचून ब्रेक मारला. मागचा टेम्पो कसाबसा थांबला. चूक यंत्रणेच्या हिशेबाची होती, जीव माझाही गेला असता. त्याच गाडीने चांदवडजवळ उलटाही अनुभव दिला: पुढच्या पिकअपने अचानक ब्रेक मारला, मी टोलसाठी फास्टॅगची शिल्लक किती असेल या विचारात होतो, आणि माझा पाय हलण्याआधी गाडी मंदावली होती. दोन्ही घटना मी तराजूत ठेवतो. दुसरी जड आहे, पण पहिली विसरत नाही.

*कसारा घाट.* बंद करा. वळणावर पुढची गाडी रडारच्या टप्प्याबाहेर गेली की क्रूझला वाटतं रस्ता मोकळा झाला, आणि गाडी वेग घेते. जुलै-ऑगस्टच्या धुक्यात कॅमेऱ्याला पट्टे दिसत नाहीत, पावसाच्या सरीत तो "तात्पुरतं बंद" असा संदेश देऊन बाजूला होतो. म्हणजे गरज असते तेव्हाच तो नसतो. सप्तशृंगीच्या गडावर जाणाऱ्या नांदुरीच्या घाटालाही हेच लागू.

*समृद्धी.* इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाल्यापासून नाशिककरांची मुंबईची वाट बदलली. ७०१ किलोमीटरचा सरळ, प्रवेशनियंत्रित रस्ता, पट्टे स्वच्छ, दुचाकी नाही, सपाटीवर मर्यादा १२० आणि घाटात १००. कागदावर अ‍ॅडाससाठी याहून चांगला रस्ता महाराष्ट्रात नाही, आणि माझा अनुभवही तसाच: क्रूझमुळे पाय मोकळा राहतो, वेग मर्यादेत राहतो. पण याच रस्त्यावर सगळ्यात मोठा धोका आहे तो कडेला किंवा डाव्या लेनमध्ये उभ्या ट्रकचा. गाडीचं मॅन्युअल उघडून बघा. 'थांबलेल्या वाहनाला क्रूझ प्रतिसाद देईलच असं नाही' अशा अर्थाची सूचना त्यात जवळजवळ नक्की सापडेल. रडारला पूल, खांब, फलक असे थांबलेले असंख्य प्रतिध्वनी मिळतात. प्रत्येकाला घाबरून ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही, म्हणून वेगात असताना थांबलेल्या वस्तूंबाबत ती सावध असते, कधी जास्तच सावध.

१२०च्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. तुमचं लक्ष परत रस्त्यावर येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर ५० मीटर गेले, आणि कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक मारूनही थांबायला पुढचे ८० मीटरच्या आसपास लागतात. सरळ रस्त्यावर पाय मोकळा, हात सैल, डोळे जड, अशी अवस्था होते. तेव्हा क्रूझ त्या डोळ्यांना आणखी जड करतो. समृद्धीवर तो लावायचा असेल तर दर तासाला थांबायचं, हा माझ्या घरचा नियम आहे.

*निफाड, दिंडोरी, पिंपळगाव.* हंगामात कांद्याच्या आणि उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. कॅमेरा ओळखायला शिकलाय तो गाडी, ट्रक, दुचाकी, माणूस अशा आकारांना. बाहेर लोंबणाऱ्या उसाचा अंधारातला ढीग तो ओळखेल असं धरून चालू नका. या रस्त्यांसाठी पैसे खर्च करायचे असतील तर चांगल्या हेडलाइटवर करा.

दाजींची वही भरली तेव्हा महिन्याला १,५०० किलोमीटर निघाले, त्यांतले ७०० महामार्ग आणि समृद्धीचे. माझ्या शेजारच्या काकूंनीही उत्सुकतेने वही लिहिली. त्या निवृत्त शिक्षिका, गाडी स्वतः चालवतात. त्यांचे महामार्गाचे ६० निघाले.

पायरी ४: खरा फरक किती

एक्स-शोरूमचा फरक हा खरा फरक नसतो. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के कर आहे. डिझेलला अनुक्रमे १३, १४, १५. म्हणजे १,२०,०००वर १२ टक्क्यांनी १४,४०० कर, वर विम्याचा वाढीव हप्ता. दाजींचा फरक १,४०,०००च्या घरात गेला. तुमची खालची गाडी साडेनऊ लाखांची आणि वरची १०,७०,०००ची असेल तर टप्पा बदलतो: आधी कर १,०४,५००, मग १,२८,४००. नुसत्या करात २३,९०० वाढले. म्हणून कोटेशनमधली आरटीओची ओळ दोन्ही व्हेरिएंटसाठी लिहून घ्या.

कर्ज असेल तर पुढे चला. ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी लाखाला साधारण २,०७६ रुपये हप्ता बसतो. १,४०,०००चा हप्ता सुमारे २,९०६, पाच वर्षांत मिळून १,७४,००० भरता. दाजींच्या ७०० किलोमीटरने भागलं तर महामार्गाच्या किलोमीटरमागे चार रुपये पडले. काकूंचे ६० धरले तर अठ्ठेचाळीस रुपये. एक ब्रेक एकदाच लागून जीव वाचवू शकतो, त्याची किंमत किलोमीटरमध्ये होत नाही, हे मला मान्य आहे. पण क्रूझ आणि लेन-स्टिअरिंगची किंमत अशीच मोजायची.

आता त्या १,२०,०००मध्ये सनरूफ, थंड हवेच्या सीट, मोठा स्क्रीनही आला असेल. ते तुम्ही वेगळे पैसे देऊन घेतले असते का? घेतले असते तेवढी रक्कम वजा करा. नसते घेतले तर वजा करू नका, मनालाही फसवू नका. मोबाइलला जोडलेल्या सेवा पहिली काही वर्षं मोफत आणि मग वार्षिक शुल्कावर असतात. अ‍ॅडासचा कोणता भाग त्या शुल्काशी बांधलेला आहे का, हे लेखी विचारा.

पायरी ५: टेस्ट ड्राइव्ह दोनदा, एकदा अंधारात

शोरूमची पंधरा मिनिटांची चक्कर पुरत नाही. आम्ही शनिवारी सकाळी पाथर्डी फाट्यावरून निघून घोटीच्या अलीकडून वळलो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला तीच गाडी द्वारकेतून काढून त्र्यंबक रोडला नेली. आधी एक ताकीद: ब्रेक आपोआप लागतो का हे बघायला कोणाच्याही, कशाच्याही अंगावर गाडी नेऊ नका. ती चाचणी प्रयोगशाळेची आहे. तुम्ही एवढंच बघा:

- महामार्गावर डाव्या बाजूने दुचाकी आली की आरशावरचा दिवा ती तुमच्या खांद्याला येण्याआधी लागतो, की निघून गेल्यावर?
- लेन-स्टिअरिंग खड्डा चुकवताना तुमच्याशी झगडतं का? इंडिकेटर न देता सरकलात तर किती जोर लावतं? आपल्याकडे खड्डा चुकवणं हा रोजचा भाग आहे, त्यात स्टिअरिंग आडवं आलं तर ते बंदच राहणार.
- नको असलेली यंत्रणा किती बटणांत बंद होते, आणि गाडी बंद करून चालू केल्यावर ती परत चालू होते का?
- क्रूझचं सर्वांत कमी अंतर आणि सर्वांत जास्त अंतर किती? गर्दीत गाडी पूर्ण थांबवून परत निघते का, की ठरावीक वेगाखाली हात टेकते? मॅन्युअल गिअरच्या गाडीत हे नीट विचारा.
- अंधारात समोरून अप्पर मारत ट्रक आला की कॅमेरा गोंधळतो का?

दाजींच्या पहिल्या पसंतीची गाडी दुसऱ्या प्रश्नावर गडबडली. त्र्यंबक रोडला खड्डा चुकवताना स्टिअरिंगने दोनदा मागे ओढलं, तेव्हा ताईने मागच्या सीटवरून विचारलं, "अहो, गाडी कोण चालवतंय?" त्या रात्री दाजींनी दुसऱ्या कंपनीची गाडीही बघायची ठरवली.

पायरी ६: तुटल्यावर काय

हा भाग शोरूममध्ये कोणी काढत नाही, म्हणून तुम्हीच काढा. गेल्या वर्षी कॉलेज रोडला पार्किंगमध्ये कोणीतरी माझ्या पुढच्या बंपरला ठोकून गेलं. बंपर बदलला, रंग जुळला, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागून राहिला. रडारची पट्टी किंचित वाकली होती. रडार अंशभर जरी खाली-वर झालं तरी शंभर मीटरवर त्याची नजर दुसरीकडेच जाते, म्हणून ते परत अचूक बसवून जुळवणी करावी लागते. त्या वर्कशॉपकडे जुळवणीचं साहित्य नव्हतं, हे गाडी ताब्यात घेताना सांगितलं गेलं. अकरा दिवस गेले.

त्यामुळे बुकिंगआधी चार गोष्टी विचारा. जुळवणी नाशिकमध्ये होते की गाडी मुंबई-पुण्याला जाते? रडारची, आणि कॅमेरा बसवायचा कंस असलेल्या पुढच्या काचेची किंमत किती? काच बदलल्यावर कॅमेऱ्याच्या जुळवणीचे वेगळे पैसे पडतात का? आणि विमा यांतलं काय देतो? साध्या विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, पण प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात, आणि बंपर प्लास्टिकचाच असतो. अ‍ॅडासची गाडी घेणार असाल तर झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, घ्याच, आणि जुळवणीचा खर्च त्यात धरला आहे का हे विमा कंपनीकडून लिहून घ्या.

काही गोष्टी रोजच्या. ग्रिलपुढे वेगळी गार्ड लावू नका. तिला २०१७पासून बंदी आहेच, आणि ती रडारच्या तोंडावर येते. पुढच्या काचेवर फास्टॅग, देवाचा स्टिकर, सोसायटीचा पास कॅमेऱ्याच्या खिडकीसमोर नको. शेतावरून आलात की बंपरवरचा चिखल पुसा.

घ्यायचं नसेल तर

काकूंनी खालचा व्हेरिएंट घेतला. सहा एअरबॅग आणि मागचा कॅमेरा त्यात होता. उरलेल्या पैशातून त्यांनी दोन्ही आरशांना छोटे बहिर्गोल आरसे चिकटवले, चांगला डॅशकॅम बसवला आणि बाकीचे ठेवीत टाकले. बाजारात इशारे देणारे डॅशकॅम मिळतात. ते ब्रेक लावत नाहीत, फक्त वाजतात, आणि शहरात इतके वाजतात की काकूंनी ते इशारे आठवड्यात बंद केले. बाहेरून रडार किंवा ब्रेक जोडून देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. वायरिंग कापलं की वॉरंटीवर वाद सुरू होतो, आणि ब्रेकशी खेळ कोणी करू नये.

दाजींनी कंपनीच बदलली. दुसऱ्या गाडीत मागच्या कोपऱ्यांत रडारं होती, ब्रेक दुचाकी ओळखतो असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, लेन-स्टिअरिंग एका बटणात बंद होऊन बंदच राहत होतं, आणि फरक ८५,०००चा होता. सनरूफ नव्हतं. ताईला थोडं वाईट वाटलं, पण निफाडहून रात्री परत येणाऱ्या त्याच असतात, त्यामुळे हेडलाइटची तुलना करून शेवटचा शब्द त्यांनीच दिला.

अक्षय्य तृतीयेला गाडी आली. डिलिव्हरीच्या वेळी दाजींनी एकेक यंत्रणा चालू-बंद करून दाखवायला लावली, डॅशबोर्डवर कोणताही इशारा शिल्लक नाही याचा फोटो काढला, आणि मॅन्युअलमधलं अ‍ॅडासचं प्रकरण घरी आणून दोन रात्री वाचलं. पूजेला गुरुजींनी झेंडूचा हार ग्रिलवर मधोमध बांधायला घेतला, तेव्हा दाजींनी त्यांना नमस्कार करून रडार कुठे आहे ते दाखवलं. हार बॉनेटच्या वरच्या कडेला बांधला, स्वस्तिक बॉनेटवर काढलं, आणि नारळ फोडून गाडी पहिल्यांदा काळाराम मंदिराकडे नेली.